खळ्यावर मांडलेलं गाव

वरच्या रानातली ऐनाची झाडं मी तोडली होती.

हे वाक्य आजवर मी कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, भावापुढे नाही. आमच्या पायरकोंडात, पोलादपूर तालुक्यातल्या दोन वाड्यांच्या त्या लहानशा गावात, आजही विचारलंत तर लोक सांगतील की तोडणारा कोण ते कधी कळलंच नाही. एका माणसाला कळलं होतं, अनुताईला. आणि अनुताई या चैत्रात गेली.

बातमी मला महाडच्या बाजारात कळली. आमच्या गावची रखमा आठवड्यातून दोनदा माठ, मुळा, वालाच्या शेंगा घेऊन तिथं बसते. मी पिशवी पुढे केली, तर ती तागडी हातात धरूनच थांबली. म्हणाली, "दत्तूभाऊ, तुमाला कळलं काय? बाई गेल्या."

"कोण बाई?"

"आता गो बाय! आपल्या गावाला बाई किती हायत?"

तिनं भाजी तोलली, वर एक जुडी घातली, आणि पदरानं डोळे पुसत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी पिशवी घेऊन उभाच राहिलो. त्या पिशवीतला माठ हासुद्धा अनुताईचाच होता, असं म्हटलं तर वाचकांना नवल वाटेल. पण पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावात चैत्रात माठ सोडा, प्यायला पाणी नसायचं. होळी झाली की झरा आटायचा आणि बाया हंडे घेऊन ओढ्याच्या तळात खड्डे उकरायच्या. त्या गावातून आज भाजी महाडला येते... ती कशी येते हे सांगायला लागलो की माझा आवाज अजूनही चढतो. हातवारे सुरू होतात. इतकं सुंदर काही मी पुन्हा पाहिलेलं नाही.

अनुताई खालच्या वाडीतली, बौद्धवाडीतली. मी वरच्या वाडीतला, मराठ्यांचा. आम्ही दोघं शेजारच्या कापडे गावच्या शाळेत एका वाटेनं जायचो. ती माझ्या दोन इयत्ता पुढे होती आणि ओढा ओलांडताना माझं दप्तर तिच्या डोक्यावर असायचं. तिचे वडील दर मार्चला तिला चवदार तळ्यावर घेऊन जायचे आणि परत आली की ती वाटेतल्या प्रत्येक डबक्याकडे बघून विचारायची, "हे कुणाचं पाणी रे?" मी म्हणायचो, "म्हशीचं." ती हसायची, पण प्रश्न सोडायची नाही. पुढे तिचं लग्न झालं, नवरा मुंबईला गोदीत, आणि ती गावातच बालवाडी चालवू लागली. मी मॅट्रिक होऊन महाडच्या एका कचेरीत चिकटलो. रविवारी गावी यायचो.

अशाच एका रविवारी, भाताची झोडणी नुकतीच उरकली होती तेव्हा, तिनं मला हाक मारली. तालुक्याहून निरोप आला होता की गावानं आपल्या विकासाचा आराखडा करावा, साहेब बघायला येणार आहेत. मी कागद, पट्टी, रंगीत पेन्सिली घेऊन तयारच होतो. ती म्हणाली, "कागद ठेव तुझ्याकडं. कागदावर म्हातारी माणसं काय बघणार? गाव खळ्यावर मांडू."

खळं म्हणजे दोन्ही वाड्यांच्या मधलं, पायरीच्या झाडाजवळचं, शेणानं सारवलेलं मोठं अंगण. त्या दिवशी ते आमचं गाव झालं! बायांनी रांगोळीनं वाटा काढल्या. डोंगराला राखेचा ढीग, ओढ्याला कपड्यांना घालायची नीळ, शेतांना भाताचा तूस आणि प्रत्येक घराला एकेक वालाचा दाणा. बघता बघता सगळा गाव भोवती उकिडवा बसला आणि जो तो हात घालू लागला. "अगो, ती वाट अशी नाय, करवंदीला वळसा हाय." "माझा गोठा कुठं गेला?" वरच्या वाडीतले वयस्क तात्या, ज्यांचा शब्द दोन्ही वाड्यांत चालायचा, आपल्या दाण्याकडे बघत म्हणाले, "बाई, माझं घर गावात मोठं, आणि दाणा सगळ्यांएवढाच?"

"तात्या, घर मोठं पण माणसं दोन. दाणा पण मोठाच झाला तुमाला."

सगळं खळं हसलं. तेवढ्यात कुणाची तरी कोंबडी आत शिरली आणि टपाटप दाणे टिपू लागली. पोरं ओरडली, "कोंबडीनं खालची वाडी खाल्ली!" तर तात्या म्हणाले, "बघा, बाईची कोंबडी असती तर वरची खाल्ली असती." कोंबडी तात्यांचीच निघाली. पुन्हा दाणे मांडले.

मग अनुताईनं ती गोष्ट केली जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं मातीचे दोन ढीग घातले. एक तसाच उघडा ठेवला, दुसऱ्यावर पालापाचोळा आणि गवत दाबून बसवलं. म्हणाली, "हा आपला डोंगर आजचा. आणि हा माझी आजी सांगते तेव्हाचा." आणि दोन्हींवर एकेक तांब्या पाणी ओतलं. उघड्या ढिगावरून पाणी धावत सुटलं, गढूळ, निळीचा ओढा पुसून थेट भाताच्या शेतात घुसलं. पाल्याच्या ढिगाखालून आधी काहीच आलं नाही. लोक वाट बघत राहिले. आणि मग पायथ्याशी एक ओल दिसली, ओलीचा थेंब झाला, थेंबाची धार... निवळ, संथ. एक म्हातारी पुढे वाकली, त्या धारेत बोट बुडवलं आणि डोळ्यांना लावलं.

बस. आराखडा तिथंच झाला. बाकी सगळं त्यातून आपोआप सुचत गेलं. वरच्या रानाला, म्हणजे झऱ्याच्या डोक्यावरच्या उताराला, बंदी करायची. उतारावर पाणी अडवायला दगडी ताली, म्हणजे बांध, घालायच्या. झऱ्याला टाकी बांधून पाणी नळानं पायरीखाली आणायचं. सांडपाण्यावर परसात भाजी आणि ओल टिकली तर भातानंतर वाल. नळाच्या जागी अनुताईनं एक चिंचोका ठेवला. तात्या म्हणाले, "दोन ठेव. दोन वाड्या हायत." ती म्हणाली, "झरा एकच हाय, तात्या. तुमी त्याला सांगून बघा दोन हो म्हणून." तात्यांनी चिंचोक्याकडे बघत तपकीर ओढली. चिंचोका एकच राहिला. तालुक्याचे साहेब आले तेव्हा बूट काढून त्या गावात शिरले. त्यांना इतका हुरूप आला की बघता बघता मधोमध पोचले. तात्या हळूच म्हणाले, "साहेब, जरा कडेला सरा, तुमी ओढ्यात उभं हाव."

आता बंदी म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या पाल्याच्या फांद्या, त्यांना आम्ही कवळं म्हणतो, त्यावर गवत, वरून माती, आणि मग आग लावायची. राब झाला नाही तर रोप नाही, असं आमचे वाडवडील मानत आले. आणि कवळं तोडायची ती वरच्या रानातल्या ऐनांचीच. वर्षानुवर्षं तोडून तोडून ते रान बोडकं झालं होतं. बंदी करायची तर प्रत्येकानं कवळं आपापल्या बांधावरच्या झाडांची घ्यायची, कमी पडली तर गवत नि पेंढ्यावर भागवायचं. सोपं नव्हतं. पण त्या पाण्याच्या धारेनंतर कुणी नाही म्हणेना. दंडाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी रक्कम सुचवली. अनुताई म्हणाली, "दंड पैशाचा ठेवलात तर पैसेवाला दोनदा तोडंल. जो तोडंल त्यानं एक पावसाळा वरच्या रानाची राखण करायची. गुरं नि शेरडं फुटव्याला तोंड लावतात, ती हाकायची. मृगापासून नवरात्रापर्यंत." सगळ्यांना पटलं. तो नियम खळ्यावर उभं राहून, घसा साफ करून, मोठ्यानं वाचला तो मी. गावातला मॅट्रिक ना!

त्या हिवाळ्यात गावाच्या अंगात वारं शिरलं होतं. ताली घालायला दोन्ही वाड्या एकत्र. मी शनिवारची शेवटची एस.टी. पकडायचो ती उड्या मारत. हाताला घट्टे पडले, कचेरीतले लोक हसायचे, मला काही वाटायचं नाही. आपण काहीतरी करतो आहोत, आणि ते होतं आहे... ही चव एकदा लागली की माणूस भुकेलाच राहतो.

आणि तरी मी ते केलं.

फाल्गुन लागला होता. आमच्या बांधावरचे ऐन बाबांनी आदल्या वर्षी कोळशाच्या भट्टीवाल्याला देऊन टाकले होते. म्हणजे आमच्या राबाला कवळं नव्हती. शेजाऱ्याकडे मागणं बाबांच्या स्वभावात नव्हतं आणि गवतावर राब होतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्या रविवारी कापड्याला लग्न होतं, दोन्ही वाड्या तिकडे गेल्या होत्या. बाबांनी कोयता माझ्यापुढे टाकला. मी म्हटलं, "बाबा, बंदी हाय." ते म्हणाले, "नेम तूच वाचलास ना? मग तुला कोण इचारतंय!"

बाबांनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ते पुरतं खरं नाही. भर दुपारी चढण चढताना माझ्या मनात हेच होतं की हे रान वाचवणारे आपण, आपण चार फांद्या घेतल्या तर काय बिघडतं. नियम इतरांसाठी असतो, असं मला त्या दुपारी मनापासून वाटलं. पाच-सहा ऐन मी बोडके केले. भारे खाली आणले, शेणावर पसरले, वर गवत, वर माती. राब एकदा रचला की पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि नियम वाचणाऱ्याच्या राबात डोकावणार तरी कोण?

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर गेलेल्या बायांनी तुटलेले ऐन पाहिले. पुढच्या रविवारी मी आलो तो खळ्यावर गाव जमलेलं. वरच्या वाडीतले म्हणत होते, हे खालच्यांचं काम. खालचे म्हणत होते, "आमची शेती केवढी, राब केवढा! आमाला एवढी कवळं कशाला?" एक जण उठून ओरडला, "मग टाकी पण तुमची तुमी बांधा!" आवाज वाढत गेले. ज्या लोकांनी दोन महिने एकमेकांच्या हाती दगड दिले होते ते बाह्या सरसावत होते. एका मिनिटात सगळं मोडणार हे मला दिसत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. मी पायरीच्या बुंध्याला टेकून उभा होतो. तोंड उघडलंसुद्धा... आणि मिटलं.

तेवढ्यात अनुताई वरून रान बघून आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम. म्हणाली, "भांडू नका. ज्यानं तोडलं तो सांगंल तेव्हा सांगंल. तवर राखण मी करते."

तात्या म्हणाले, "म्हणजे तू तोडलंस?"

"तसं मी म्हटलं नाय. पण नेम केला नि राखण झाली नाय, तर उद्यापासून नेम संपला. मग झरा बी संपला."

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. घरी परतताना मी तिच्यामागून ओढ्यापर्यंत गेलो. ती वळली नाही. चालता चालताच म्हणाली, "दत्तू, घाव डाव्या हाताचा हाय."

आमच्या गावात डावखुरा मी एकटा. शाळेत त्यावरून मार खायचो आणि पाटी पुसून द्यायची ती. मी म्हटलं, "अनुताई, मी..." तर तिनं हात वर करून मला थांबवलं. "मला नको सांगू. मला सांगून काय व्हायचं? खळ्यावर सांग. होईल तेव्हा सांग." आणि ओढा ओलांडून गेली.

मृग लागला आणि ती इरलं घेऊन रानात गेली. इरलं म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवून केलेलं पावसातलं पांघरूण, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं. मला वाटलं होतं, दुःखी, एकटी बसलेली अनुताई बघावी लागेल. पण छे! तिनं रानात खोप घातली आणि बालवाडीच तिथं भरवली. पोरं शेरडांमागे धावत पाढे म्हणायची. फुटव्यांना त्यांनी नावं ठेवली होती, एका वाकड्या ऐनाचं नाव चक्क 'तात्या' होतं. हे कळल्यावर खरे तात्या तरातरा जाब विचारायला चढले, खोपीत टेकले, आणि मग रोजच येऊ लागले. श्रावणात मी वर गेलो तर ते तिच्या किटलीतला चहा कपात ओतून घेत होते. वरच्या वाडीतल्या माणसानं खालच्या वाडीतल्या बाईच्या हातचा चहा सगळ्यांदेखत घ्यावा, हे आमच्या गावात तोवर घडलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये रे मॅट्रिक, बस. राखण बरी असते, डोकं थंड राहतं." अनुताईनं मलाही कप दिला. नेहमीसारखंच हसली.

पुढच्या वर्षी तात्यांनीच सांगितलं की राखण एकट्या बाईनं का करायची, घरटी पाळी लावा. तशी रीत पडली आणि ती आजही आहे. आमच्या घरची पाळी आधी बाबांनी, मग भावानं केली. मी महाडला होतो ना! टाकी बांधली गेली, पायरीखाली एक नळ आला. वर्षागणिक झरा होळीपुढे सरकत राहिला. पाडव्याला पाणी, मग अक्षय्य तृतीयेला पाणी! मी दर उन्हाळ्यात गावी पाय ठेवला की आधी नळाकडे धावायचो. आणि पहिल्यांदा वाल झाला त्या हिवाळ्यात खळ्याकडेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मडकं पालथं, वर जाळ. दोन्ही वाड्या एका मडक्यातून शेंगा ओरबाडत होत्या, तोंडं काळी, बोटं भाजलेली. अनुताई ओरडली, "सावकाश रे! एवढ्यासाठीच केला काय आराखडा?" तर अख्खं खळं एका आवाजात म्हणालं, "होऽऽ!"

त्या आनंदातही ती एकदा माझ्याकडे बघायची. दर भेटीत बघायची. "काय म्हणतोस, दत्तू?" एवढंच विचारायची आणि थांबायची. मी म्हणायचो, "बरं आहे." ती म्हणायची, "बस मग, चहा टाकते." पंधरा वर्षांत तिनं ना टोमणा मारला, ना तोंड फिरवलं. एखादा तरी शब्द मारला असता तर, असं वाटतं... नाही, तरीही मी बोललो नसतोच. राखणीची रीत माझ्या चुकीतूनच पडली ना, असंही मी स्वतःला ऐकवत आलो. गावाचं भलं झालं, मग आता उकरायचं कशाला? या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं झोपलो.

तिच्या जलदानविधीला गेलो. शोकसभा खळ्यावरच होती. मला बोलायला सांगितलं, आराखड्याच्या वेळचा साथीदार म्हणून. ज्या जागी मी नियम वाचला होता त्याच जागी उभा राहिलो. दोन्ही वाड्या समोर. तात्या आता नाहीत, बाबाही नाहीत. भीती बाळगावी असं कुणी उरलेलंच नव्हतं. मी राखेच्या डोंगराचं बोललो, कोंबडीचं बोललो, लोक रडता रडता हसले. खूप बोललो, आणि तेवढंच सोडून सगळं बोललो. खाली बसलो तर लोक म्हणाले, "दत्तूभाऊ छान बोलले."

नंतर तिच्या घरी गेलो. चुलीवरच्या माळ्याला ते इरलं टांगलेलं. सांगाडा धुरानं काळा कुळकुळीत, पण पानं ताजी, गेल्याच पावसाळ्यातली. तिचा मुलगा मुंबईला असतो. तो म्हणाला, "काका, आई दर वर्षी पानं बदलायची. आम्ही बोलायचो, आई, घरात छत्र्या हायत, प्लास्टिक हाय, ह्याचा काय यूज? वापरायची तर कधीच नाय. बोलायची, ते माझं नाय, ज्याचं हाय तो येईल, तेव्हा भोक नको त्याला." त्यानं मला विचारलं, "तुम्हाला माहीत हाय काय, कुणाचं ते?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "बघतो," म्हटलं.

हा लेख छापून आला की गावात पेपर जाईल, कुणीतरी तो नळाशी वाचून दाखवील. पण त्यानं माझं काही फिटत नाही. तिनं 'खळ्यावर' म्हटलं होतं. मृग तोंडावर आला आहे आणि इरलं माळ्यालाच आहे. खळ्यावर उभं राहून एक वाक्य बोलणं, आणि मृगापासून नवरात्रापर्यंत वरच्या रानाची एक राखण, एवढं माझ्याकडून बाकी आहे.